विष सापडलं म्हणजे झालं का?

गावोगाव बायकांच्या बैठका घ्यायला लागल्यापासून एक प्रश्न मला हटकून विचारला जातो. ‘ताई, रिपोर्टात विष निघालं. आता तो सुटत नाही ना?’ विचारणारी कधी आई असते, कधी थोरली बहीण, तर कधी मयत पोरीची मावशी. सेनगाव असो, कळमनुरी असो नाहीतर आमच्या हिंगोलीच्या बाजूचं एखादं खेडं, प्रश्न तोच. आणि दुसरा प्रश्न याच्या उलटा. ‘रिपोर्टात काहीच निघालं नाही म्हणे. मग केस संपली का हो?’

मी वकील नाही, डॉक्टर तर नाहीच. कला शाखेची पदवी, घरसंसार, आणि मुलं मार्गी लागल्यावर सुरू केलेलं हे काम. पण कोर्टाच्या पायऱ्या इतक्या वेळा चढले, इतक्या सरकारी वकिलांशी बोलले, निकाल वाचले, की एवढं नक्की सांगू शकते : दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. टीव्हीवरच्या मालिकांत पांढरा कोट घातलेले डॉक्टर काचेच्या नळीत काहीतरी हलवतात आणि पाच मिनिटांत खुनी सापडतो. आपल्याला तेच खरं वाटायला लागलंय. खऱ्या कोर्टात नळीतलं उत्तर म्हणजे पुराव्याचा एक मणी. माळ ओवायची राहिलेलीच असते.

हे समजून घ्यायला दोन खटले फार उपयोगी पडतात. दोन्ही आपल्या महाराष्ट्रातले, दोन्ही सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेले, दोन्हींत जीव गेला तो बाईचाच.

पहिला १९५६ सालचा. पुण्यात लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या एक विधवा बाई राहत. पैसाअडका बरा होता, मधुमेहाचा त्रास होता. डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांच्या घरातलेच झालेले, विश्वासातले. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू या म्हणून १२ नोव्हेंबरच्या रात्री त्यांनी बाईंना रेल्वेनं मुंबईला नेलं. पहाटे गाडी पोचली तेव्हा बाई बेशुद्ध. जी.टी. हॉस्पिटलमध्ये त्यांना भलत्याच नावानं दाखल केलं गेलं, आणि त्याच दिवशी त्या गेल्या. त्यांच्यावर हक्क सांगायला कोणी आलं नाही. मृतदेह बेवारस म्हणून पडून राहिला. शवविच्छेदन झालं तोवर बरेच दिवस उलटले होते. रासायनिक तपासणीत विष सापडलं नाही. काहीच सापडलं नाही!

इकडे पुण्यात नातेवाइकांना पत्रं येत होती. मी दुसरं लग्न केलंय, लांब राहते, सुखात आहे, अशा अर्थाची. पत्रं जिच्या नावानं येत होती ती बाई केव्हाच गेलेली. आणि तिची मालमत्ता हळूहळू डॉक्टरांच्या खिशात जात होती.

आता सांगा, विष सापडलं नाही म्हणून काय करायचं होतं? सोडून द्यायचं? डिसेंबर १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशीची शिक्षा कायम केली. तीन न्यायमूर्तींपैकी एकांचं मत वेगळं होतं, हेही सांगायला हवं. पण बहुमतानं म्हटलं ते असं, की विष सापडलं नाही याचा अर्थ विष नव्हतंच असा होत नाही. काही विषं शरीरात लवकर विरून जातात, काही त्या काळच्या तपासणीत सापडतच नव्हती, आणि आरोपी स्वतः डॉक्टर. खोटं नाव, मृत्यू लपवणं, बनावट पत्रं, पैशाची लूट हे सगळं एका दिशेला बोट दाखवत होतं. न्यायालयानं त्या वागणुकीला पुरावा मानलं.

दुसरा खटला आपल्या मराठवाड्याच्या लेकीचा. बीडची मुलगी. ११ फेब्रुवारी १९८२ रोजी लग्न होऊन पुण्याला गेली. नवरा केमिकल इंजिनिअर. चार महिन्यांनी, ११ आणि १२ जूनच्या मधल्या रात्री, सासरच्या घरात तिचा मृत्यू झाला. या वेळी मात्र विष सापडलं. पोटॅशियम सायनाइड. शंकेला जागाच नाही. सेशन्स कोर्टानं नवऱ्याला फाशी दिली, हायकोर्टानं ती कायम केली.

आणि १७ जुलै १९८४ रोजी सुप्रीम कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं.

‘शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं हा निकाल आजही देशभर कोर्टाकोर्टांत रोज सांगितला जातो. कायदा शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला तो पाठ असतो. कारण त्यात न्या. फजल अली यांनी प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसलेल्या खटल्यांसाठी कसोट्या घालून दिल्या, आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे, सगळे दुवे आरोपीकडेच बोट दाखवणारे हवेत, दुसरी कुठलीही पटण्यासारखी शक्यता उरता कामा नये, आणि साखळी अशी हवी की मध्ये फट दिसू नये. विषाच्या खटल्यात तर आणखी विचारतात : मारण्याचं कारण होतं का, मृत्यू विषानंच झाला का, ते विष आरोपीकडे होतं का, आणि पाजायची संधी त्याला होती का.

त्या मुलीच्या बाबतीत विष होतं, संधी होती. पण सायनाइड नवऱ्याच्या ताब्यात होतं हे सिद्ध झालं नाही. आणि तिनं स्वतः घेतलं असण्याची शक्यता कोर्टाला पुसून टाकता आली नाही. तिनं बहिणीला आणि एका मैत्रिणीला लिहिलेली पत्रं कोर्टात आली होती. सासरी ती किती खचली होती ते त्यांतून दिसत होतं. न्या. फजल अलींनी ती पत्रं मृत्युपूर्व जबाबासारखी पुराव्यात धरली. पण पत्रांनी दोन्हीकडे तोंड केलं. छळ दिसला तशी निराशाही दिसली, आणि निराशेतून आत्महत्येची शंका उभी राहिली. शंकेचा फायदा आरोपीला.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा जेवण गेलं नाही. बीडच्या त्या आई-बापाचं काय झालं असेल? पण राग बाजूला ठेवून पाहिलं तर लक्षात येतं, की प्रयोगशाळेनं तिचं काम चोख केलं होतं. ‘काय’ याचं उत्तर तिनं दिलं. ‘कोणी’ याचं उत्तर बरणीत नसतंच.

आणखी एक गोष्ट. त्या वेळी कायदाही तोकडा होता. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेनं आत्महत्या केली आणि छळ सिद्ध झाला, तर सासरच्यांनी तिला त्यासाठी प्रवृत्त केलं असं कोर्ट गृहीत धरू शकतं, ही तरतूद १९८३ ची. हुंडाबळीचं स्वतंत्र कलम १९८६ चं. ती मुलगी १९८२ मध्ये गेली. आज भारतीय न्याय संहितेत हुंडाबळी ८० व्या कलमात आहे. त्यात मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दाखवता आलं तर पुढचा भार आरोपीवर जातो. म्हणून माहेरच्यांनी ‘पोरगी सुखात होती’ असं लाजेकाजेस्तव पहिल्या जबाबात सांगू नये, हे मी कानीकपाळी ओरडून सांगत असते.

आता आपल्याकडे वळू. सायनाइड पुण्याच्या घरात अप्रूप. आपल्याकडे सोयाबीन-कापसाच्या घरात फवारणीचा डबा कोपऱ्यात असतोच. आणि आपण त्याला म्हणतो ‘औषध’! ‘तिनं औषध घेतलं’ असं दवाखान्यात सांगितलं जातं. नवखा डॉक्टर विचारतो, कशावरचं औषध? त्यात दहा मिनिटं जातात. ते विष आरोपीच्या ताब्यात होतं का, हा कोर्टाचा प्रश्न आपल्या शिवारात निम्मा फोल ठरतो, कारण ते घरातल्या सगळ्यांच्याच ताब्यात असतं. मग उरतात बारीकसारीक गोष्टी. डबा कुठे होता, झाकण कुणी उघडलं, कप कुठला, चहात वास होता का, उलटी कुठे झाली.

आणि नेमक्या याच गोष्टी आपण बायका पुसून टाकतो. वाईट हेतूनं नाही. घरात मयत झालेली, चार माणसं येणार, म्हणून शेजारीण उलटी पुसते, दुसरी जमीन सारवते, तिसरी कपबश्या विसळून पालथ्या घालते. पोलीस पंचनाम्याला येतात तेव्हा घर लख्ख. चांगुलपणानं नाहीसा झालेला पुरावा मी जितका पाहिलाय तितका दुष्टपणानं झालेला पाहिला नाही.

दवाखान्यातही असंच. विष प्यायलेल्या माणसाचं पोट नळीनं धुतात. ते पहिलं पाणी जपून ठेवायचं असतं, कारण बाई चार-सहा दिवस जगली तर तोवर शरीरातलं विष उपचारानं, लघवीवाटे निघून गेलेलं असतं. मग व्हिसेऱ्याचा अहवाल ‘काही आढळले नाही’ असा येतो, आणि माहेरच्यांना वाटतं पैसे चारले. दर वेळी पैसे चारलेले नसतात. अशा वेळी दवाखान्याचे कागद, पहिल्या दिवसाच्या नोंदी, नातेवाइकांनी सांगितलेली हकीकत यांना मोल येतं.

व्हिसेरा म्हणजे काय, हेही पुष्कळजणींना ठाऊक नसतं. जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग बरणीत घालून मिठाच्या दाट पाण्यात ठेवतात. आपण कैरी मिठात घालतो, तसंच तत्त्व. कुजू नये म्हणून. बरणीला सील, त्यावर नमुन्याचा ठसा, सोबत कागद. पूर्वी आमच्याकडचा मुद्देमाल थेट औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जायचा. आता नांदेडलाही प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. तिथून येतो तो ‘सी.ए. रिपोर्ट’.

विहिरीचं तर विचारूच नका. आपल्याकडे बाई विहिरीत सापडली की ‘पाय घसरला’. पण घसरली, उडी घेतली, की आधी मारून टाकली? डॉक्टर फुप्फुसं पाहतात, श्वासनळीतला फेस पाहतात. शिवाय डायटम नावाची एक चाचणी असते. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, त्याचं कवच काचेच्या जातीचं. जिवंतपणी बुडालेलं माणूस श्वासाबरोबर पाणी ओढतं, ते शेवाळ रक्तावाटे पार हाडातल्या मगजापर्यंत पोचतं. आधीच मेलेल्याचं रक्त फिरत नाही, त्यामुळे तिथवर पोचत नाही. या चाचणीवर किती विसंबावं याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि वकील ते कोर्टात बरोबर काढतात. तरीही करायची तर त्याच विहिरीचं पाणी बाटलीत भरून सोबत पाठवावं लागतं. नाहीतर ताडून पाहायचं कशाशी?

जळीताच्या प्रकरणात श्वासनळीत काजळी आहे का ते पाहतात. असेल तर आग लागली तेव्हा बाई श्वास घेत होती. फासाच्या प्रकरणात दोराची गाठ तशीच ठेवायची. उतरवताना गाठ न सोडता दुसरीकडून कापायचा. अर्थात, जीव असेल तर आधी जीव वाचवायचा, पुरावा नंतर. ते सांगायला नको.

जळलेली बाई बोलू शकत असेल तर तिचा जबाब हा सगळ्यात मोलाचा. मृत्युपूर्व जबाब पटण्यासारखा असेल तर केवळ त्यावर शिक्षा होऊ शकते. एक काळ असा होता की ‘रुग्ण शुद्धीवर आहे’ असा डॉक्टरांचा दाखला जबाबावर नसला की खटलाच कोसळायचा. २००२ मध्ये ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की जबाब घेणाऱ्याची ती शुद्धीत असल्याची खात्री पटलेली असेल तर निव्वळ दाखल्यासाठी जबाब फेकून देता येणार नाही. पण जबाब घेताना खाटेभोवती कोण उभं आहे, ते पाहा. सासू पायाशी बसलेली असेल तर पोरगी ‘स्टोव्हचा भडका झाला’ हेच सांगणार. मागे आहेत ना तिची लेकरं त्याच घरात! एका दवाखान्यात मी नातेवाइकांना बाहेर काढा म्हणून वॉर्डात भांडले होते. बाहेर काढल्यावर बाईनं पाणी मागितलं, आणि मग बोलली. दोन जबाब झाले आणि दोन्ही वेगळे निघाले की आरोपीचा वकील खूष होतो, म्हणून पहिलाच नीट व्हावा.

अत्याचाराच्या प्रकरणात आपला इतिहास फार कटू आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून सगळा देश ते ओळखतो. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं, आणि त्याचं एक कारण होतं तिच्या अंगावर जखमा नव्हत्या! वैद्यकीय अहवालातली एक ओळ, आणि तिचा अर्थ लावला गेला संमती. चार कायदा प्राध्यापकांनी जाहीर पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्ट तेच धरून चालतं. पुढे ती किळसवाणी ‘दोन बोटांची’ तपासणी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं चूक ठरवली. २०२२ मध्ये तर ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं बजावलं. कुणी करू लागलं तर थांबवायचं, बिनधास्त.

अशा प्रसंगी आई पहिलं काय करते? मुलीला न्हाऊ घालते, कपडे भिजत टाकते. तिचं मन मी समजू शकते. पण ते कपडे सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवायचे असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहून बुरशी धरते आणि डाग हातचे जातात. आंघोळ झाली असली तरी दवाखान्यात जायचंच. साधारण चार दिवसांपर्यंत नमुने घेण्यात अर्थ असतो, आणि उपचार तर कधीही. सरकारी असो की खासगी, दवाखान्याला पैसे न घेता उपचार करावे लागतात, आणि तपासणीचा अहवाल सात दिवसांत पोलिसांकडे गेला पाहिजे. अहवाल ‘काही आढळले नाही’ असा आला तरी तिची स्वतःची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते, हे सुप्रीम कोर्टानं एकदा नाही, अनेकदा सांगितलंय.

डीएनएचं नाव घेतलं की सगळे गप्प होतात. जणू ब्रह्मवाक्य. ठाणे जिल्ह्यातल्या एका सहा वर्षांच्या चिमुरडीच्या प्रकरणात २०२३ मध्ये काय झालं? घटना २०१० ची, खालच्या दोन्ही कोर्टांनी फाशी दिलेली, डीएनए अहवाल हाताशी. सुप्रीम कोर्टानं आरोपीला सोडलं. नमुने पाठवायला झालेल्या उशिराचा खुलासा नाही, मधल्या काळात ते नीट जपले गेले याची खात्री नाही. विज्ञान खोटं पडलं नव्हतं. त्या चिमुरडीला कोणी मारलं, याचं उत्तर मात्र हरवलं. तज्ज्ञाचा अहवाल हे कायद्याच्या भाषेत ‘मत’ आहे, पूर्वी ४५ वं कलम, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ३९ वं. मत कितीही पक्कं असलं तरी नमुना तोच होता हे आधी दाखवावं लागतं.

आजकाल पोरी पत्रं लिहीत नाहीत. बीडच्या त्या मुलीची पत्रं बहिणीनं जपून ठेवली म्हणून कोर्टात आली. आजची पोरगी व्हॉट्सअ‍ॅपवर रडते, आवाज रेकॉर्ड करून पाठवते. माहेरी तो मोबाइल जुना झाला म्हणून विकतात, नाहीतर धाकट्या भावाला खेळायला देतात. फोन तसाच ठेवा, काही पुसू नका. त्यातला मजकूर कोर्टात दाखल करायला ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाला आधीच आठवण करून द्या.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानं जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा, जप्तीचं चित्रीकरण व्हावं, असं त्यांत आहे. तज्ज्ञांची व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, पावसाळ्यात एखाद्या वाडीवर तज्ज्ञांची गाडी कधी पोचायची ती पोचेल. तोवर त्या घराच्या दारात कुणीतरी उभं राहून ‘आत जाऊ नका, काही धुऊ नका’ म्हणायला हवं, आणि ते बहुतेक वेळा शेजारीणच म्हणू शकते.

पंचांचं दुखणं वेगळंच. पंच म्हणून गावातली दोन माणसं सही करतात, आणि दोन-तीन वर्षांनी कोर्टात म्हणतात, ‘कोऱ्या कागदावर सही घेतली, मला काही माहीत नाही.’ सील कुणासमोर लागलं हेच मग उरत नाही. परवा एका बचत गटातल्या बायकांनी विचारलं, पंच म्हणून बाई चालते का? चालते की! कायदा स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी मागतो, पुरुष मागत नाही. त्यातल्या दोघींनी गेल्या पावसाळ्यात विहिरीवरच्या पंचनाम्यावर सही केली. पाण्याची बाटली त्यांच्यासमोर भरली, त्यांच्यासमोर सील झाली. काय काय पाहिलं ते दोघींनी त्याच रात्री गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय, तारखेसकट. समन्स अजून यायचंय.